मारियाचे शिलाई मशीन, राधिकाचे मसाले

मिगेल साबिदो हे नाव आपल्याकडे मालिका लिहिणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असेल. पण 'हम लोग'च्या मुळाशी या मेक्सिकन लेखक-निर्मात्याचे कसब होते आणि ते भारतात आणायला विदर्भाचे एक पुढारी कारणीभूत ठरले. वसंतराव साठे १९७२ साली अकोल्यातून लोकसभेवर गेले. पुढे वर्ध्यातूनही निवडून आले. १९८० ते १९८२ या काळात माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे होते. रंगीत दूरदर्शनसाठी त्यांनी धरलेला हट्ट जुन्या लोकांना आठवतो. १९८२ मधली त्यांची मेक्सिको भेट मात्र विस्मरणात गेली. करमणुकीच्या मालिकेतून साक्षरता आणि कुटुंब नियोजन घरोघर पोचवता येते, हे त्यांनी तिथे पाहिले आणि ती कल्पना डोक्यात घेऊनच ते परतले.

साबिदो मूळचे नाटकवाले. दूरचित्रवाणीवर त्यांनी सुरुवात केली ती मेक्सिकोच्या इतिहासावरच्या मालिकांनी. त्यांना नवी दिशा दिली ती दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्यांनीच केलेल्या एका मालिकेने. १९६९ ते १९७१ या काळात पेरूमध्ये 'सिम्प्लेमेन्ते मारिया' दाखवली गेली. खेड्यातून लिमा शहरात आलेली मोलकरीण मारिया रात्री अक्षरे गिरवते, शिवणकाम शिकते आणि पुढे नामांकित वेशभूषाकार होते. ही मालिका चालू असताना ठिकठिकाणी शिवणवर्गांना गर्दी झाली, सिंगर मशीनचा खप वाढला आणि कंपनीने नायिकेला सोन्याचे छोटे मशीन भेट दिले. मारियाच्या लग्नाचे चित्रीकरण लिमातल्या एका चर्चमध्ये होते. तिथे हजारो बायका ठेवणीतले कपडे घालून, आहेर घेऊन आल्या. नटीच्या नव्हे, आपल्या मारियाच्या लग्नाला!

हे आपोआप घडले. साबिदोंनी विचार केला, की हे ठरवून का घडवू नये? १९७५ साली त्यांनी प्रौढ साक्षरतेवर 'वेन कॉन्मिगो' ही मालिका केली. तिच्या एका भागात मोफत पाठ्यपुस्तके कुठे मिळतात ते दाखवले. दुसऱ्याच दिवशी मेक्सिको शहरातल्या त्या केंद्रावर एवढी माणसे लोटली की वाहतूक ठप्प झाली, पुस्तके कमी पडली. त्या वर्षी साक्षरता वर्गांची नोंदणी आदल्या वर्षाच्या अनेक पट झाली. १९७७ मध्ये कुटुंब नियोजनावरची 'आकोम्पान्यामे' आली आणि त्यानंतर आणखी काही मालिका.

साबिदोंच्या मांडणीत तीन तऱ्हेची पात्रे असतात. काही चांगल्या वर्तनाची, काही वाईट वर्तनाची. ही दोन्ही टोके बदलत नाहीत. तिसरे पात्र मधले, डळमळणारे. ते चुकते, पस्तावते, पुन्हा चुकते आणि शेकडो भागांनंतर हळूहळू मार्गाला लागते. प्रेक्षक जीव लावतो तो या तिसऱ्याला, कारण त्याची चलबिचल ही प्रेक्षकाची स्वतःचीच असते. मालिका दीर्घ असण्याचे खरे कारण इथे सापडते. माणूस बदलायला वेळ लागतो आणि एवढा वेळ देणे सिनेमाला किंवा नाटकाला परवडत नाही. मालिकेला नुसते पाणी घालून वाढवलेली गोष्ट म्हणून हिणवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. भाग दीडशेहून अधिक. दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव, लेखक मनोहर श्याम जोशी. सुरुवातीच्या भागांत कुटुंब नियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की प्रेक्षक कंटाळले. जोशी कसलेले कादंबरीकार. त्यांनी संदेश मागे सारला आणि दारुड्या बसेसरराम, सोशिक भागवंती, बेकार लल्लू, बडकी, मझली, छुटकी ही माणसे पुढे आणली. भागाच्या शेवटी अशोककुमार दोन शब्द बोलत. हे निरूपण साबिदोंच्याच पद्धतीतले. लाखो पत्रे आली.

पण अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारले तेव्हा एक वेगळीच गोष्ट पुढे आली. मुकाट्याने सारे सोसणारी भागवंती, म्हणजे जिच्यासारखे होऊ नये म्हणून जिला उभे केले, तीच अनेकांना आदर्श वाटत होती. यात स्त्रियाही होत्या. मालिकेच्या धंद्याने यातून नेमका उलटा धडा घेतला असे दिसते. पुढच्या काळात सोसणारी नायिका हीच सर्वांत खात्रीची गुंतवणूक ठरली.

मराठीत दैनंदिन मालिकेचा पाया दूरदर्शनवरच्या 'दामिनी'ने घातला. तिची नायिका पत्रकार होती, हे मुद्दाम नोंदवायला हवे. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्यावर रोजचा भाग हा व्यवसायच झाला. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी रूढ झाली. सकाळी आलेल्या वनलाइनवर दुपारी सीन लिहायचे आणि सेटवर नट खोळंबलेले असताना पाने पाठवायची. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चालू ट्रॅक गुंडाळायचा किंवा ताणायचा. या धावपळीत मधल्या पात्राला सावकाश वाढवणे किती कठीण, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

तरीही एकदा ते घडले आणि वैदर्भी बोलीत घडले. २२ ऑगस्ट २०१६ रोजी झी मराठीवर सुरू झालेली 'माझ्या नवऱ्याची बायको' मार्च २०२१ पर्यंत चालली. लेखक अभिजीत गुरू, मूळचे नागपूरचे. त्यांची राधिका सुभेदार नागपूरची लेक. मुंबईकडच्या संसारात नवरा गुरुनाथ तिला गावंढळ ठरवतो आणि शनायाच्या नादी लागतो. राधिका रडते, सहन करते, त्याला परत आणायची धडपड करते आणि मग मसाल्यांचा उद्योग उभा करते. नाशिकच्या अनिता दाते यांनी तिचा नागपुरी हेल असा धरला की 'काऊन' आणि 'मले' महाराष्ट्रभर ऐकू येऊ लागले. मालिका पुढे फार लांबली, शनाया-गुरुनाथचे डाव त्याच त्या वळणावर येत राहिले, ही तक्रार रास्त आहे. पण पहिल्या दीडेक वर्षातली राधिका हे साबिदोंचे तंतोतंत तिसरे पात्र आहे. सरकारी योजना नाही, अशोककुमारांचे निरूपण नाही; बाजारातल्या मालिकेत, बाजाराच्या वेळेत ते उभे राहिले. मारियाच्या शिलाई मशीनच्या जागी इथे मसाले आले एवढेच.

विदर्भातली बोली टीव्हीवर एरवी बहुधा हसवायला येते. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'मधून तिला घराघरांत नेले, हे त्यांचे मोठे काम. मात्र त्याच बोलीत कोणी कर्ज मागते, घटस्फोटाला नकार देते, मुलाला समजावते, हेही प्रेक्षकाने ऐकायला हवे.

त्यासाठी मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरकडे पाहावे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते इथे. चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठायचे, कोण कुठे काय बोलले ते विचारायचे, पडताळून घ्यायचे, अशी त्यांची रीत. सगळा ग्रंथ सुट्या लीळांचा, प्रत्येकीत एक प्रसंग आणि त्यातले बोलणे. मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा बांधली, असे परंपरा सांगते. आता याच गावात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

तिथे पटकथा आणि संवादलेखन हा पूर्ण वेळेचा विषय असावा असे ठामपणे वाटते. विद्यार्थ्याने आधी म्हाइंभटांची रीत गिरवावी. मोर्शी-वरुडच्या संत्राबागांत, अकोल्याच्या कापूस बाजारात, बचत गटाच्या बैठकीत बसून माणसे बोलतात कशी ते टिपून आणावे. मग 'हम लोग'चे तेरा भाग आणि राधिकाचे तेरा भाग समोर ठेवून मधले पात्र कुठे वळले ते शोधावे. २०१४ साली दूरदर्शनवर आलेली, डॉक्टर स्नेहाची 'मैं कुछ भी कर सकती हूँ' ही अशाच उद्देशाने घडवलेली मालिका. तीही तुलनेला हाताशी आहे. पुढच्या मालिकेतली वऱ्हाडी बाई मुंबईला न जाता मोर्शीतच दुकान टाकेल आणि तिचे संवाद मोर्शीतलीच एखादी मुलगी लिहील.