यंत्राची वहिवाट

जमिनीच्या व्यवहारात मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, असा प्रकार आपल्याकडे नवा नाही. परंतु रोख पैसे मोजून, पावती घेऊन घरी आणलेल्या यंत्रांच्या बाबतीतही बहुसंख्य कुटुंबांत हीच स्थिती नांदत असते, हे माझ्या ध्यानात येण्यास एक मरणासन्न लॅपटॉप कारण झाला. २०१२ साली घेतलेले हे यंत्र सुरू होण्यासच सहा-सात मिनिटे घेऊ लागले होते. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले तेव्हा, 'आता यात काही राम नाही, नवीन घ्या,' असा निकाल मिळाला. तो निकाल मी मुकाट्याने कबूल केला नाही, कारण त्या यंत्राच्या पोटात माझ्या आत्यांनी सांगितलेल्या आणि मी वीस-बावीस वर्षांपूर्वी उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे दप्तर होते. ते सुखरूप हाती आल्यावाचून यंत्र भंगारात घालणे मला मंजूर नव्हते.

लॅपटॉप उघडणे हे काम वाटते तितके बिकट नाही. त्यात धैर्यापेक्षा व्यवस्थेची गरज अधिक असते. चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी, आणि एका पुठ्ठ्यावर यंत्राच्या तळाची आकृती काढून, जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो चिकटपट्टीने डकवावा. सगळे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीने सारखे नसतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो आतल्या पट्टीला भोसकून जातो. तळाचे झाकण निघाल्यावर प्रथम दिसला तो पंखा, आणि पंख्यामागच्या तांब्याच्या जाळीत नमद्यासारखा घट्ट बसलेला धुळीचा थर. उष्ण हवेला बाहेर पडण्याची वाटच बंद झाल्यामुळे प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच आपला वेग कमी करीत होते. ही धूळ ब्रशने काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, एवढी एक खबरदारी पुरते.

परंतु मुख्य अडथळा होता हार्ड डिस्कचा. त्या काळच्या लॅपटॉपमधील डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास त्याहून अधिक. हिशेब केला तर विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साठ-सत्तरांच्या पलीकडे वाचता येत नाहीत, आणि आजच्या प्रणाली तर सुरू होतानाच हजारो बारीक फायली मागतात. हार्ड डिस्कऐवजी वापरायच्या एसएसडी या साठ्यात फिरणारे असे काहीच नसल्यामुळे तीच नोंद मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात हाती येते. अडीच इंची साटा जातीची एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागेत, त्याच खाचेत बसते. जुनी डिस्क मात्र फेकू नये. साटाचे यूएसबी करणाऱ्या लहानशा केसिंगमध्ये ती घातली की तिचा बाहेरचा साठा होतो. हे सर्व साहित्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते.

रॅम वाढवताना एक बाब नीट पाहावी. डीडीआर-३ जातीच्या पट्ट्या दीड व्होल्टच्या असतात आणि तिच्याच 'एल' या पोटजातीच्या १.३५ व्होल्टच्या. ज्या यंत्राला फक्त कमी दाबाची पट्टी चालते, त्यात दुसरी घातली तर ते सुरूच होत नाही. पट्टी खाचेत तिरपी सरकवून मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंचे चाप 'टक्' असा आवाज करून बसले की काम झाले.

आणखी एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण तिच्यापायी पुष्कळ धडधाकट यंत्रे विनाकारण बाद ठरतात. लॅपटॉप उघडला की घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसते आणि बँकेचे किंवा टपालाचे कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. दोष इंटरनेटचा नसतो. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि यंत्राच्या मते ती मुदत अद्याप सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर ते प्रमाणपत्र नामंजूर करतो. मूळ कारण हे की, घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. सीआर-२०३२ या तिच्या नावातील २० म्हणजे मिलिमीटरमधील व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. घड्याळांच्या दुकानातही ती मिळते. काही लॅपटॉपांत ती तारेला जोडलेली असते, तेव्हा तशीच तारेसकट घ्यावी.

देहाची डागडुजी झाली, तरी आत कारभार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. माझ्या यंत्राला तो दरवाजा बंदच होता. लिनक्सचा मार्ग खुला होता. हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेल्या या प्रणालीची मिंट किंवा झुबुंटू यांसारखी सुटसुटीत रूपे पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतात आणि यंत्रातील एकाही फायलीला धक्का न लावता त्या पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. वायफाय लागते का, ध्वनी येतो का, छपाई होते का, याची खात्री दोन दिवस करून घ्यावी आणि मगच कायमचे बिऱ्हाड हलवावे. माझा लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात उभा राहतो.

ही मुभा आपल्याला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. तिच्यामागे परवान्याचा एक लेखी करार आहे. लिंक्सिस या कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा बिनतारी राउटर बाजारात आणला. त्याच्या आतली आज्ञावली लिनक्सवर बेतलेली आहे, हे जाणकारांनी पुढच्याच वर्षी हुडकून काढले. लिनक्सचा जीपीएल परवाना असे बजावतो की, ही आज्ञावली ज्याच्या हाती विकाल त्याला तिची मूळ संहिताही मिळाली पाहिजे. त्या अन्वये कंपनीला संहिता प्रसिद्ध करावी लागली, आणि तिच्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज शेकडो जातींच्या राउटरांवर तो चालतो.

त्याचा घरगुती उपयोग एका उदाहरणाने सांगतो. मुलगा मोठी फाइल पाठवू लागला की आजोबांचा व्हिडिओ कॉल तुटू लागतो, हा अनुभव घरोघरचा आहे. राउटरच्या पोटात डेटाची लांबलचक रांग साचते, आणि तिकिटाच्या खिडकीवर लग्नाच्या वऱ्हाडामागे एखादा एकटा प्रवासी अडकावा, तसे आजोबांचे चार शब्द त्या रांगेच्या शेवटी खोळंबून राहतात. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये या रांगेचा बंदोबस्त करण्याची सोय आहे. आपल्या जोडणीच्या प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास मर्यादा घातली की रांग आपल्याच राउटरच्या ताब्यात राहते आणि प्रत्येकाला आळीपाळीने वाट मिळते. मात्र राउटरचे मॉडेल आणि त्याची आवृत्ती यादीशी अक्षरशः जुळल्याखेरीज या भानगडीत पडू नये, आणि नवी आज्ञावली चढत असताना वीज जाणार नाही अशी तजवीज करावी. मधेच खंड पडला तर राउटर निकामी होण्याचा धोका खरा आहे.

आता पुन्हा त्या दप्तराकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन तेच होते. केसिंगमधून जुनी डिस्क जोडली, फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ उमटला. युनिकोडपूर्वीच्या काळातील मराठी फॉन्ट हे खरे पाहता रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीची चित्रे बसवीत. फॉन्ट गेला की चित्रे जातात आणि घरे तेवढी उरतात. असे जुने लेखन युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक आता फुकट मिळतात, पण त्यांचे काम निर्धोक नसते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी नोंदलेला असतो, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याआधी. ही अदलाबदल करताना रूपांतरकाने मराठीच्या एका खास लेण्यावर घाला घातला होता: 'पायऱ्या' जिथे तिथे 'पायर्‌या' नाही तर 'पायर्या' झाल्या होत्या.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातली खोल खिंडारे. आचार्यास दिलेली दक्षिणा वेगळी आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी वेगळी. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही, म्हणून तो जपण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाण ठरवलेल्या आणि प्रत्येक संगणकात विनामूल्य असलेल्या रचनेत, शिफ्टसह 'जे' दाबले की 'ऱ' येतो, 'डी' दाबले की हलन्त, आणि मग 'य'. तीन कळांत 'ऱ्य' सिद्ध होतो. परंतु हेच रूप साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशा दुसऱ्या रीतीनेही साठवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखी. संगणकाला मात्र ती दोन निरनिराळी अक्षरे, आणि म्हणून एका रीतीने शोधलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मजकुरात सापडत नाही.

त्यावर तोड अशी: अदृश्य चिन्हाचे रूप मजकुरातूनच नकलून लिबरऑफिसच्या 'शोधा आणि बदला' या चौकटीत घालावे, त्याच्या जागी 'ऱ्य' द्यावा आणि एका हुकमाने सगळे बदलून घ्यावे. रफार झालेल्या शब्दांना मात्र हा सरसकट हुकूम देता कामा नये, नाही तर सूर्य, कार्य आणि धैर्य यांचीही वाताहत होते. ते मी एकेक पाहून, चार रात्री बसून बदलले.

आत्या आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांना दिसत कमी, ऐकू मात्र स्वच्छ येते. काम संपल्यावर त्यांच्याशेजारी बसून मी शोधाच्या चौकटीत 'वाऱ्या' हा शब्द लिहिला आणि एकामागून एक ओळी वर येऊ लागल्या. मी वाचीत होतो. आणि पंढरीच्या वाऱ्या कोणत्या नि पदर उडवणाऱ्या वाऱ्याची ओवी कोणती, हे ओळ पुरी होण्याआधीच त्या बोटाने खूण करून सांगत होत्या.