एका खोलीत चार लेकरं: झोपायचं कुठं, अभ्यास कुठं?



धर्मापुरीच्या आपल्या वस्तीतलं पत्र्याचं एक घर. खोली एक, पुढं छोटी पडवी. आजी, आई-वडील आणि चार लेकरं. थोरली दहावीला, तिच्या पाठचा सातवीला, मग चौथीतली मुलगी, आणि धाकटं अंगणवाडीत. थोरलीचं डोकं रोज दुखतं, वर्गात डुलक्या येतात म्हणून तिच्या आईनं मला बोलावलं. "ताई, पोरगी पार वाळून चालली. एखादं टॉनिक सांगा," म्हणाली.

रक्त तपासून घ्यायला सांगितलं आणि त्याच दिवशी रात्री नऊला परत जाऊन त्या घरात बसले. टीव्ही चालू होता. चुलीचा धूर खोलीतच फिरत होता. बल्ब मधोमध टांगलेला, आणि मुलगी टीव्हीकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसलेली. तिचीच सावली तिच्या वहीवर पडत होती. आजी कोपऱ्यात खोकत होती, धाकटं तिच्याच वाकळेत शिरून झोपलं होतं. अकराला टीव्ही बंद झाला तेव्हा अंथरुणं पडली. थोरली दाराजवळ झोपली, कारण पहाटे पाच वाजता पाण्याला तिलाच उठायचं असतं.

म्हणजे झोप सहा तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि सहा ते बारा वर्षांच्या लेकरांना नऊ ते बारा तास. ही झोप टॉनिकच्या बाटलीत मिळत नाही.

"ताई, एका खोलीत काय करणार?" असं त्या माउलीनं विचारलं. हा प्रश्न घरोघरी आहे. त्याचं एक उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

परळच्या चाळीतली खोली

सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा परळच्या दाबक चाळीत एका खोलीत राहिले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथंच भांडी, सरपण, जातं. एक शेळीसुद्धा तिथंच बांधलेली असे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमरावाला त्या खोलीत अभ्यासाला वेगळी जागा मिळणं शक्यच नव्हतं. मग वडिलांनी वेळेची वाटणी केली. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहत, मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. पुढं पहाटेपर्यंत घर शांत आणि मुलगा पुस्तकाशी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

ही गोष्ट आपण जयंतीला दरवर्षी ऐकतो. पण 'दोनला उठवलं' एवढंच सगळे सांगतात. 'आधी लवकर झोपवलं' हे मागं राहतं. मुलाची झोप ठरलेली होती, ती मोडू नये म्हणून बाप जागत होता. एक नर्स म्हणून मला या गोष्टीत हीच मोठी गोष्ट वाटते. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून घरातल्या मोठ्या माणसानं आपली सवय बदलली.

ती गोष्ट जशीच्या तशी उचलायची नाही. तेव्हा धूर होता आणि काच नसलेली रॉकेलची चिमणी होती. आज लेकराला रात्री दोनला उठवायची गरज नाही. घ्यायची ती वेळेची वाटणी. बाहेरची जागा शोधणंही घ्यावं. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत आणि तिथंच कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. घरात जागा नाही म्हणून वाचणं थांबलं नाही.

आधी झोपेची जागा ठरवा

घरातली माणसं मोजा आणि प्रत्येकाची झोपायची जागा ठरवून टाका. आज इथं, उद्या तिथं असं नको. लहान लेकराला साधारण अडीच फूट रुंदीची जागा पुरते. चार लेकरं ओळीनं झोपली तर दहा फूट लागतात. शाळेत जाणारी लेकरं भिंतीच्या बाजूला, आणि रात्री उशिरा येणारी, पहाटे लवकर उठणारी मोठी माणसं दाराजवळ. म्हणजे कुणी उठलं की लेकरांवरून ओलांडून जावं लागत नाही.

कुणाला सर्दी-खोकला असेल तर एकाचं डोकं पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला असं उलटसुलट झोपवा. तोंडासमोर तोंड येत नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर मात्र बेडक्याची तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. त्या घरातल्या आजीचा खोकला दीड महिन्याचा होता. तपासणीत टीबी निघाला. टीबी ताटवाटीतून किंवा अंथरुणातून लागत नाही, तो हवेतून पसरतो. बंद, अंधाऱ्या खोलीत त्याचे जंतू तरंगत राहतात, मोकळ्या हवेत आणि उन्हात टिकत नाहीत. आजीची बाज पडवीत आली, औषध सुरू झालं, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि लेकरांना प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या. आजीला आधी वाईट वाटलं. "मला घराबाहेर काढलं," म्हणाली. तिच्याजवळ बसून समजावलं, की औषध नियमित घेतलं तर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका जातो, कोर्स मात्र पुरा करायचा. तोवर धाकटं तिच्याशी दिवसा अंगणात खेळेल, रात्री आईजवळ झोपेल. आजाऱ्याला वेगळं झोपवणं म्हणजे वाळीत टाकणं नव्हे, हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको.

एकाच वाकळेत झोपणाऱ्या लेकरांत खरूज झपाट्यानं पसरते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला पुरळ येतो. एकट्याला औषध लावून उपयोग नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. अंगावरचे, अंथरुणाचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. जाड वाकळ धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवा, मग ऊन दाखवा.

तिसरी गोष्ट मण्यारीची. हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा जागच येत नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणतं, उलटी करतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. हे दिसलं की अपचन म्हणून ओवा देत बसू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि सापावरची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात पोचा. आपल्या भागात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. साप टाळायला सोपा उपाय मच्छरदाणी. ती बांधून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचायच्या. त्यानं डासही थांबतात. बाज असेल तर लेकरं बाजेवर, मोठी माणसं खाली. सरपणाचा ढीग आणि धान्याची पोती झोपायच्या जागेपासून दूर.

अभ्यासाचा कोपरा

प्रत्येकाला टेबल-खुर्ची देता येत नाही. पण प्रत्येकाला 'ही माझी जागा' म्हणता येईल असा कोपरा देता येतो. त्या घरात आम्ही काय केलं ते सांगते.

खिडकीच्या भिंतीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद फळी बिजागरीनं बसवली. अभ्यासाच्या वेळी आडवी, झोपायच्या वेळी भिंतीला उभी. मांडी घालून बसल्यावर कोपर आरामात टेकेल एवढी तिची उंची ठेवली. मान फार वाकली की डोकं आणि पाठ दुखते. मधोमधचा बल्ब तिथून काढला आणि फळीच्या वर डाव्या बाजूला ९ वॅटचा एलईडी लावला. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्याला उलट. लाइट जाते म्हणून एक चार्जिंगचा दिवा भरून ठेवायचा. उघड्या चिमणीवर अभ्यास नको, धूर आणि भाजण्याची भीती दोन्ही आहेत.

वह्या-पुस्तकांना चार पिशव्या शिवल्या आणि भिंतीवर चार खिळ्यांना टांगल्या. प्रत्येकाची पिशवी वेगळ्या रंगाची. पुस्तक हरवण्यावरून होणारी भांडणं बरीच कमी झाली.

मग वेळेची वाटणी. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद. या दोन तासांत वडील मोबाइल बाहेर पडवीत घेऊन बसतात. स्वयंपाक साडेसहापर्यंत उरकायचा, चूल खोलीबाहेर. फळीवर थोरली, तिच्याजवळ सातवीतला मुलगा बसकं टेबल घेऊन, धाकटी दोघं चटईवर. साडेनऊला सगळ्यांची अंथरुणं. पहाटे साडेपाचला थोरली उठते आणि शांतपणे तासभर वाचते. पाणी भरायची पाळी आता वडील आणि सातवीतला मुलगा करतात.

हे सगळं एका दिवसात जमलं नाही. पहिल्या आठवड्यात टीव्हीवरून दोनदा भांडण झालं. वडील म्हणाले, "दिवसभर राबून आल्यावर माणसानं टीव्हीपण बघायचा नाही का?" बघावा की. नऊनंतर अर्धा तास, आवाज बारीक करून. अजूनही कधी कधी मोडतं. पण थोरलीचं डोकं आता रोज दुखत नाही.

ज्या घरात एवढंही शक्य नाही, तिथल्या लेकरांसाठी आपलं विहार आहे, समाजमंदिर आहे. वंदना झाल्यावर त्याला कुलूप लागतं. ते सात ते नऊ उघडं ठेवायला दोन ट्यूबलाइट, चार चटया आणि पाळीपाळीनं बसणारं एक मोठं माणूस लागतं. महिला मंडळानं आठवड्याचे सात दिवस सात घरांना वाटून घेतले तर कुणावर भार पडत नाही.

मुलीचा पडदा

दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला आडोसा पाहिजे. दोरी आणि जुनी साडी एवढ्यात तो होतो. पाळीच्या दिवसांतले कपडे उन्हात वाळवायला तिला जागा पाहिजे, कोपऱ्यात दडपून वाळवलेल्या कापडानं खाज आणि संसर्ग होतो.

वयात येणारी मुलगी आई किंवा आजीजवळ झोपावी, मुलगे वडिलांच्या बाजूला. पाहुणा आला तर लेकरांच्या ओळीत त्याचं अंथरूण घालू नका, तो कितीही जवळचा असो. मुलगा असो वा मुलगी, लेकरानं "मला त्यांच्याजवळ झोपायचं नाही" म्हटलं तर रागावू नका, कारण विचारा आणि ऐकून घ्या. मदतीसाठी १०९८ हा लेकरांचा फोन नंबर रात्रंदिवस चालतो.

आणखी एक. रामजीबाबांकडं पुस्तकाला पैसे नसले की ते मुंबईत दिलेल्या लेकींकडं जात, त्यांचा दागिना गहाण ठेवत आणि भीमरावाला पुस्तक आणत. भावाच्या शिक्षणात बहिणींचा वाटा असा होता. आता घरातली एकच फळी असेल तर ती मुलाला आणि भांडी मुलीला, ही वाटणी आपल्या घरात चालू नये.

ऊसतोडीचे महिने

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची जोडपी कारखान्यावर जातात. त्या कोपीत ना उजेड, ना अभ्यासाची जागा. लेकरं मागं राहिली तर घर आजीवर आणि थोरलीवर येतं. बारावर्षांची मुलगी स्वयंपाकीण होते आणि तिचा कोपरा सुटतो. म्हणून जायच्या आधी चार गोष्टी करून जा. शाळेतल्या बाईंना सांगा. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी वसतिगृह आहे का, प्रवेश मिळतो का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. घरची कामं लेकरांत वाटून द्या, मुलाच्या वाट्यालाही भांडी येऊ द्या. आणि रात्री त्या घरात एक मोठं माणूस झोपायला येईल अशी शेजारी सोय लावा. दहावीनंतर शिकणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी करा.

घरकुल बांधताय?

रमाई आवास किंवा प्रधानमंत्री आवासचं घरकुल मंजूर झालं असेल तर गवंड्याला आधीच सांगा. पंतप्रधान आवासच्या ग्रामीण घरकुलाचं क्षेत्र किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. एवढ्यात समोरासमोर दोन खिडक्या ठेवा, म्हणजे वारा आरपार जातो. एक खिडकी जरा खाली घ्या, आपली लेकरं जमिनीवर बसून लिहितात, उजेड तिथं पोचला पाहिजे. लेकरं जेवढी तेवढे कोनाडे भिंतीत काढा. अंथरुणं ठेवायला वर माळा. आणि जिथं फळी लावायची तिथं लाइटचं बटण. भिंत उभी राहिल्यावर या गोष्टींना दुप्पट पैसे जातात.

आज रात्री अंथरुणं पडली की एकदा दारात उभं राहून बघा. कोण कुठं झोपलंय, कुणाच्या तोंडाशी धूर येतोय, कोण दाराशी आहे, आणि उद्या सगळ्यात आधी कुणाला उठायचंय. त्यातलं एक अंथरूण उद्या हलवा. सुरुवात तिथून होते.