विसरलेले वाजंत्री (भाग ६) : दौंडच्या डॉक्टरांच्या नाटकातला रॉक

आमच्या मांडवगण फराट्यात ‘बँड’ म्हटलं की डोळ्यांपुढे वरात येते. लाल कोट, क्लॅरिनेट, कडेने डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारी माणसं. म्हणूनच मागच्या भागाच्या शेवटी ‘आता मुंबईच्या बँडकडे वळू’ असं लिहिल्यावर गावाकडून पहिला फोन आला, तो ‘कोणत्या वरातीचा?’ असं विचारणारा. प्रश्न रास्त होता. आज नीट सांगतो.

रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा ताफा. गाणारा एक, ड्रमवाला एक, खर्ज धरणारी बेस गिटार, आणि पुढे येऊन बोलणारी विजेची गिटार. कधी जोडीला कीबोर्ड. ही विजेची गिटार आपल्या बागायती भागात समजावणं सोपं आहे. जळालेली मोटार रिवाइंडिंगला टाकली की मिस्त्री तांब्याच्या तारेचे वेढे भरतो. गिटारीच्या पोटावरही तेच असतं, फक्त तार केसाहून बारीक आणि तिचे हजारो वेढे चुंबकाभोवती. वरची पोलादी तार छेडली की त्या वेढ्यांत नाममात्र वीज उमटते आणि अँप्लिफायर ती वाढवतो. यात्रेत कर्णा फार मोठा केला की आवाज फाटतो आणि आपण मशीनवाल्याला दम देतो. रॉकवाल्यांना तो फाटलेला आवाजच हवा होता. दुःख असो की संताप, गुळगुळीत सुरात तो मावत नाही, हे त्यांना कळलं होतं.

साठ-सत्तरच्या दशकात मुंबईत असे ताफे बरेच होते. जेट्स, सॅव्हेजेस, वेलव्हेट फॉग, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट. आर्किटेक्चर शिकायला मुंबईत आलेला गोव्याचा रेमो फर्नांडिस सॅव्हेजेसमध्ये वाजवून गेला. बाहेरून वाद्य आणायचं तर आयातीचे निर्बंध आणि जबर जकात, म्हणून जे मिळेल ते जोडून, दुरुस्त करून ही मुलं वाजवत. ती विसरली गेली याचं कारण, माझ्या मते, एकच आहे : त्यांचं वाजवणं फारसं कुणी ध्वनिमुद्रितच केलं नाही. रेकॉर्ड कंपन्या मोजक्या, आणि त्यांचं गिऱ्हाईक सिनेमाच्या गाण्यांचं. स्वतःची गाणी रचणाऱ्या मुलांसाठी स्टुडिओचा दरवाजा उघडला तो एका सिगारेटने. ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभर ‘सिमला बीट’ स्पर्धा भरायची आणि तिथल्या बँडच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. मद्रास, कलकत्ता, शिलाँग, मुंबई, सगळीकडची पोरं त्यांत आहेत. कितीतरी बँडचा तेवढाच पुरावा उरला आहे. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची गाणी तर २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने पुन्हा काढली, तेव्हा कुठे नव्या पिढीने ऐकली. याची खंत मला आहे आणि ती लपवावी असं वाटत नाही.

या सगळ्यांतला एक आवाज मात्र मराठीत उतरला. नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घर नाटकाचं, कान रॉकचे. वेलव्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमधून तो गायला. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक उभं केलं, तेव्हा जुडासची भूमिका नंदूने केली.

आणि मग गोष्ट आपल्या नदीपल्याड येते. भीमा ओलांडली की दौंड तालुका. दौंडला डॉ. जब्बार पटेल दवाखाना चालवायचे आणि नाटकासाठी पुण्याला जाऊन-येऊन असायचे. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकानंतर उभ्या राहिलेल्या थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेसाठी १९७८ मध्ये त्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ बसवला. ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेलं हे नाटक. संगीतकारांत आनंद मोडक आणि नंदू भेंडे होते. लावणीचा ठसका, नाट्यगीताची वळणं आणि नंदूने केलेल्या अंकुश या गुंडाच्या तोंडी पाश्चात्त्य पॉप-रॉक, एकाच रंगमंचावर. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की रॉक इथे पाहुणा म्हणून आला नाही. गुंडाच्या ऐटीला हीच चाल शोभते, म्हणून ती तिथे होती. मराठीतले जोडाक्षरांचे आघात ड्रमच्या ठोक्यावर चपखल बसतात, हे नंदूने गाऊन सिद्ध केलं.

माझे मामा दौंडहून रेल्वेने पुण्याला गेले होते, ते हे नाटक पाहून आले. घरी काय पाहिलं ते सांगता येईना, तेव्हा त्यांनी उजवी मूठ छातीवर आपटून दाखवली. “ढोल बाहेर वाजतो. हे इथं आत वाजत होतं,” म्हणाले. गाणाऱ्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं. पुढे १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ सिनेमा आला आणि त्यातलं कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारं गाणं यात्रेत, लग्नात, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजत राहिलं. त्यातही आवाज नंदू भेंडेचाच होता. गावाने तो शेकडो वेळा ऐकला आणि ओळखला नाही.

एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. मामांना मी हे सगळं अलीकडेच सांगितलं, विहिरीवरच्या खोलीत, रात्रीची थ्री फेज वीज आल्यावर. मोबाइलवर ते सिनेमाचं गाणं लावलं. “हाच तो अंकुश,” म्हणालो. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, “परत लाव. पण आधी मोटार बंद करून ये.”

(पुढच्या आठवड्यात : शिलाँगचे फेनटोन्स)