जंतूंचा अडकित्ता

मंडळी, दवाखान्यात एक वाक्य नेहमी कानी पडते. "डॉक्टर, या गोळ्यांची मला आता सवय झाली, जरा जोरदार औषध द्या." ऐकायला हे खरे वाटते. पण सवय आपल्या अंगाला होत नाही. बदल होतो तो जंतूंत. तो कसा, ते आज पाहू.

पेनिसिलिनचेच उदाहरण घ्या. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते एका बुरशीत सापडले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून ते तयार होऊ लागले.

हे औषध जंतूला मारते कसे? जंतूभोवती एक भिंत असते. जंतू वाढू लागला की ती सतत सांधावी लागते, आणि सांधणारे गवंडी त्याच्या अंगातच असतात. पेनिसिलिनच्या कणात चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे. त्या कड्याच्या जोरावर ते गवंड्याच्या हाताला घट्ट चिकटते. काम थांबते, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते.

पण काही जंतूंजवळ यावर उपाय असतो. ते एक एन्झाइम तयार करतात. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. या विकराचे नाव बीटा-लॅक्टमेज. पाण्याच्या कणाची मदत घेऊन ते पेनिसिलिनचे कडे मोडते. कडे मोडले की औषध निकामी! आपला अडकित्ता सुपारी फोडतो, पण स्वतः मोडत नाही; लगेच दुसऱ्या सुपारीला तयार. तसेच हे विकर एकामागून एक कितीतरी कण फोडीत जाते.

हा अडकित्ता औषधाने घडवला, असे मात्र नव्हे. ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच, पेनिसिलिन सर्रास मिळू लागण्यापूर्वी, तो जंतूंत पाहिला होता. मग आपली चूक कोणती? औषध घेतले की साधे जंतू मरतात, अडकित्तेवाले उरतात, आणि मोकळ्या रानात त्यांचीच वीण वाढते. शिवाय अडकित्ता घडवण्याची कृती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो; शेजाऱ्याला बियाण्याची पुरचुंडी द्यावी, तशी. घेणारा निराळ्या जातीचा असला तरी चालते.

शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहीत. अडकित्त्यात अडकून बसणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्यांनी शोधले, आणि १९८१ पासून ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने मिळू लागले. पण २००९ साली एनडीएम-१ नावाच्या विकराची माहिती प्रसिद्ध झाली. ते या आम्लाला दाद देत नाही, आणि एरवी राखून ठेवलेली जोरदार औषधेही फोडते. त्याच्या नावात आपल्या दिल्लीचे नाव आहे, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा आपण काय करायचे? साधी सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांच्यावर ही औषधे चालतच नाहीत. तिथे ती मागू नका. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच औषध, तितकेच दिवस घ्या. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. गाईम्हशींना आणि कोंबड्यांनाही पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

गुरुजनांनी एवढे मुलांच्या मनावर ठसवावे. कारण आज वाया घालवलेले औषध उद्या खरी गरज पडेल तेव्हा उपयोगी पडेलच असे नाही, आणि त्या दिवशी खाटेवर कदाचित आपलेच लेकरू असेल.