दांताची नस काढल्यावर दुखतें तें काय?

"नस तर काढून टाकली; मग आतां दुखतें तें काय?" दंतवैद्याकडून परतलेला मनुष्य रात्रीं गालावर हात ठेवून असें विचारतो, आणि त्याचा प्रश्न अगदीं रास्त आहे.

दांताच्या पोटांत मऊ गर असतो. रक्तवाहिन्या आणि ज्ञानतंतू त्यांतच. हा गर ज्या अरुंद नळींतून मुळाच्या टोंकापर्यंत उतरतो, ती नळी साफ करून बंद करणें म्हणजे रूट कॅनाल. पण नळी संपतांच जिवंत भाग सुरू होतो. मुळाला धरून ठेवणारें नाजूक आवरण आणि जबड्याचें हाड यांतील ज्ञानतंतू शाबूतच असतात. दुखणें असतें तें येथें. म्हणून तर चावतांना तो दांत उंच झाल्यासारखा वाटतो.

येथें वैद्याच्या हाताचा संबंध येतो. बारीक कानशीनें नळी घासतांना भुगा, गराचे तुकडे आणि जंतू सुटे होतात. कानस पिचकारीच्या दट्ट्यासारखी खालींवर केली, कीं हा मळ टोंकाबाहेर लोटला जातो आणि तेथें दाह उत्पन्न होतो. आधीं टोंकाशीं काम करून वर येण्याच्या जुन्या रीतींत हें अधिक घडतें. प्रथम तोंडाकडील भाग रुंद करून क्रमाक्रमानें खालीं उतरलें, तर मळाला वर येण्यास वाट मिळते. १८३८ सालीं मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्यानें घड्याळाच्या कमानीपासून असलें हत्यार घडविल्याचें सांगतात. १९८८ सालीं निकेल-टायटॅनियमच्या लवचिक कानशींची पहिली चांचणी प्रसिद्ध झाली. यंत्रानें गरगर फिरणाऱ्या या कानशी मळ वर ओढून घेतात, आणि त्यानंतरचें दुखणें सामान्यतः कमी असतें. मळ मुळींच बाहेर जाऊं न देणारी रीत मात्र अद्याप कोणास साधलेली नाहीं. नळीची लांबी विजेच्या मापकानें व क्ष-किरणांनीं नीट मोजणेंही तितकेंच महत्त्वाचें.

सगळा दोष हाताला देणें मात्र अन्यायाचें होईल. आधींच ठणकत असलेला दांत नंतरही अधिक दुखण्याचा संभव असतो.

हें दुखणें बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत अधिक असतें व आठवड्याभरांत ओसरतें. पोटाचा वा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें आयबुप्रोफेन पुरतें. जंतुनाशक गोळ्या मागून घेण्याची आपल्याकडे फार हौस. या दुखण्यावर त्यांचा उपयोग नाहीं. घाबरून दांतच उपटून घेणारेही आहेत! मात्र गाल सुजला, ताप आला किंवा गिळण्यास त्रास होऊं लागला, तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें.