घरटं होण्याआधी

मराठीत या पक्ष्याला पारवा असं सुरेख नाव आहे. त्याच्या अंगकांतीवरून साडीच्या एका रंगालाही पारवा म्हणतात. शहरात मात्र फारसीतून आलेला कबूतर हाच शब्द अधिक रुळला. पण पहाटे बाल्कनीत घुं-घुं सुरू झाली, कुंडीत काड्या दिसल्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरे डाग पडले, की शब्दांचं सौंदर्य कुणाला आठवत नाही. हातात झाडू येतो. आज बोलायचं आहे ते या झाडूविषयीच. तो केव्हा उचलावा आणि केव्हा खाली ठेवावा, याविषयी.

पारवा आपल्याच घरी का येतो? हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. झाडाच्या फांदीपेक्षा त्याला खडकातली सपाट, आडोशाची जागा आवडते. आपण उंच इमारती बांधल्या, खिडक्यांवर सज्जे काढले, एसीचा डबा बाहेर टांगून मागे वीतभर फट सोडली. आपल्या लेखी ती इमारत, त्याच्या लेखी कडा. तो निर्लज्ज नाही आणि आपला वैरीही नाही. त्याला सोयीची जागा दिसली, एवढंच. उपायही यातूनच निघतो. पक्ष्याला मारायचं नाही, जागेची सोय काढून घ्यायची.

त्रास होतो, हे मात्र खोटं नाही. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासातून जात राहिली, तर काही माणसांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीतून सूज येते. दुखणं जुनं झालं, तर फुफ्फुसांची हानी कायमची ठरू शकते. तेव्हा घरात दम्याचा रुग्ण, म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि कुणी ‘कबुतरं नकोत’ म्हणत असेल, तर त्याला निर्दयी ठरवू नये.

आता वेळेचा हिशेब. कबुतराचं घरटं म्हणजे चार काड्यांचा विस्कळीत पसारा. त्यात मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी पाळीपाळीने ती उबवतात. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आईबाप दोघंही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं अन्न त्यांना भरवतात. पिल्लं उडायला आणखी चार ते पाच आठवडे लागतात. म्हणजे अंड्यापासून उड्डाणापर्यंत साधारण सात आठवडे. या सात आठवड्यांच्या आधीची वेळ आपली, नंतरची वेळही आपली. मधली वेळ त्यांची.

म्हणून पहिली काडी दिसली की लगेच उचला. रोज उचला. चार-आठ दिवस चिकाटी ठेवली, तर बरेचदा जोडी दुसरी जागा शोधते. सज्जावर फळी तिरपी बसवा. पंचेचाळीस अंशांहून अधिक उतार असला, की काडी ठरत नाही आणि पायही टिकत नाही. एसीमागची फट तारेच्या जाळीने बंद करा, पण हवा खेळती राहू द्या. बाल्कनीला नायलॉनची जाळी लावायची असेल, तर ती चारही बाजूंनी ताणून, घट्ट बसवून घ्या. सैल किंवा फाटकी जाळी हा फास असतो. त्यात पाय अडकून पक्षी तडफडून मरतो. अशी जाळी लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

जुन्या सीडी, चकाकत्या पट्ट्या, प्लास्टिकचं घुबड यांचा धाक थोडे दिवस चालतो. मग पारवा त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतो. चिकट लेप मात्र कधीच लावू नका. तो पिसांना लागला, की पक्ष्याला उडता येत नाही. लहान पक्षी तर त्यात चिकटूनच राहतात. विषारी गोळ्यांचं नावही नको.

आमच्या इमारतीत एका घरी जाळी लावायला मुलगा आला होता. एसीच्या मागे दोन पिल्लं निघाली, अंगावर पिवळी लव असलेली. मुलगा म्हणाला, “मावशी, दोन मिनिटांचं काम. उचलून खाली ठेवतो.” मावशींनी विचारलं, “खाली ठेवून मग?” मुलगा गप्प झाला. “महिन्याने ये बाबा,” त्या म्हणाल्या, “तोवर हे दार आम्ही बंद ठेवू.” त्या घरात नातवाला खोकला होता. म्हणून त्यांनी पिल्लं फेकली नाहीत आणि जाळीही टाळली नाही. फक्त काम पुढे ढकललं.

थांबण्याला कायद्याचाही आधार आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं येतं. बंदूक न उचलताही माणूस शिकारी होऊ शकतो, असं तो कायदा सांगतो.

पिल्लं उडाली, की त्याच आठवड्यात काम उरका. आधी नीट पाहा, कारण पहिली पिल्लं उडण्याआधीच मादी पुन्हा अंडी घालू शकते. जागा रिकामी असेल, तर विष्ठेवर पाणी शिंपडून ती भिजवा. सुकी कधी झाडू नका. नाकातोंडाला मास्क, हातात मोजे घाला, आणि मग जागा बंद करा.

आणखी एक गोष्ट. एका खिडकीत दाणे आणि शेजारच्या खिडकीत जाळी, याने काही साधत नाही. २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा श्रद्धा आणि आरोग्य यांवर मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला, तरी खिडकीतल्या मूठभर दाण्यांचा भार शेजाऱ्याने उचलावा, हे काही न्यायाचं नाही.

आणि हे सारं चिमणीला लागू करू नका. तिला नव्या भिंतींत भोकं मिळेनाशी झाली आहेत. दिव्याच्या किंवा पंख्याच्या वाटीत ती काड्या आणत असेल, तर ती वाटी बंद करा, कारण फिरता पंखा तिचा जीव घेतो. पण त्याबरोबर बाहेरच्या भिंतीवर, सावलीत, मांजराला पोचता येणार नाही अशा उंचीवर एक लाकडी खोकं टांगा. त्याला सव्वा इंचाचं भोक पुरे. चिमणी आत जाईल, पारवा जाणार नाही.

एकाला दार लावताना दुसऱ्याला खिडकी उघडता येते. आणि ज्याला नाही म्हणायचं, त्याला त्याची अंडी होण्याआधी म्हणावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)