दृष्टिचेतेच्या मुखावरील निक्षेप : परीक्षा व भेद

स्वरूप : दृष्टिचेता नेत्रगोलातून जेथे बाहेर पडते, तेथे साचणाऱ्या व कालांतराने कॅल्शियमने कठीण होणाऱ्या कणांस ‘ड्रुसेन’ ही संज्ञा आहे. बहुधा दोन्ही डोळ्यांत. बालवयात हे कण खोल दडलेले असल्याने दृष्टिबिंब (चेतेचे हे मुख) केवळ फुगीर दिसते.

परीक्षा : सोनोग्राफीच्या बी-स्कॅनमध्ये कॅल्शियमयुक्त कण, यंत्राची संवेदनक्षमता उतरविल्यावरही, तेजस्वीच राहतात, स्वयंदीप्ती-छायाचित्रात पृष्ठभागालगतचे कण चमकतात, आणि १९९१ साली प्रथम वर्णिलेल्या ओसीटीचे (प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्यातील थर दाखविणाऱ्या चाचणीचे) २००८ पासून प्रचारात आलेले सखोल रूप, खोलवरचे कॅल्शियमविरहित कणही, कृष्णगर्भ व शुभ्र किनारीचे असे, स्पष्ट दाखविते, ही मुलांच्या बाबतीत मोठीच सोय होय.

भेद : असेच फुगीर बिंब मस्तकातील दाब वाढून आलेल्या सुजेतही दिसते; ती सूज तातडीची बाब, तीत शिरेतून टोचलेला फ्लुओरेसीन रंग वाहिन्यांतून पाझरतो, ड्रुसेनमध्ये सहसा नाही.